आखाजी ते आखाजी

जामनेर,
१४ मे १९८६

अक्का,

पाया पडतो. दाजींना नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस, ते माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर हसतात.

आखाजीला तू माहेरी आली नाहीस. आबांनी लिंबाला झोका बांधून ठेवला होता, दिवसभर शेजारच्या पोरी झुलल्या आणि आबा त्यांच्यावर ओरडत बसले. तुझ्यावरचा राग होता तो.

आता बातमी. पहूर रस्त्यावरचा आमचा कारखाना सुरू झाला. गोबरगॅसच्या लोखंडी टाक्या करायच्या. दिल्लीचा पैसा आहे अक्का, थापा नाहीत. मागास भागात शेड टाकली म्हणून शेठला केंद्राचं अनुदान, आणि टाकी बसवणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं. शेण आपलं, पत्रा भिलाईचा, सही दिल्लीची. आयटीआय करून इतकी वर्षं मी जळगावात दुसऱ्याच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या जोडल्या. आता मी सुपरवायझर आहे. नीट वाच, सुपरवायझर.

अडचण एकच होती, माणसं मिळेनात. कामाची माणसं सगळी कुणाच्या ना कुणाच्या सालाला बांधलेली. मी सरळ आपल्या पुनाभाऊकडे गेलो. आपल्या मळ्यात त्याचे केस पांढरे झाले, पण पारोळ्याकडची बोली काही सुटली नाही. म्हणाला, "भाऊ, रोजना मानूसले कव्हय बी उठाडी देतस. साल धरशात ते येसू." बाकीच्यांचंही तेच, रोजावर नको, साल धरा. शेठ पडला सुरतेचा, त्याला साल म्हणजे काय ते कळेना. मी समजावलं, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालक गड्याला टोपी देतो, नारळ फोडतो, आणि मग पुढच्या आखाजीपर्यंत मालकानं काढायचं नाही, गड्यानं पळायचं नाही. शेठ हसला. म्हणाला, "बोल दे ना भाई, क्या फर्क पडता है."

मग मी बोललो. आखाजीच्या सकाळी अठरा माणसांना शेडमध्ये बसवलं, माझ्या हातानं टोप्या दिल्या, नारळ फोडला आणि कारखान्याच्या वतीनं साल धरलं. पुनाभाऊच्या बायकोनं, ताईबाईनं, वेल्डिंगच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

आबा मात्र माझ्याशी बोलत नाहीत. घरचा गडी पळवलास म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत भिकनचं साल धरून मोकळे झाले.

तुझा,
रतिलाल


धुळे,
९ जून १९८६

चि. रतिलाल,

आशीर्वाद आहेतच, ते काही कारखान्याबरोबर वाढत नाहीत. तुझं पत्र यांनी वाचलं. हसले. सुपरवायझरमधला 'व्ह' कुठं गेला असं विचारत होते.

आबांचं मनावर घेऊ नकोस. पुनाभाऊनं मला खांद्यावर बसवून पहूरच्या बाजारात नेलंय, त्याच्या पायात कारखान्याचे बूट आले तर मला आनंदच आहे. पण तू जरा दमानं घे. कारखाना सुरू होऊन महिना झाला नाही आणि गावभर सुपरवायझर म्हणून मिरवतोस. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

हे जिल्हा परिषदेत गोबरगॅसचंच टेबल सांभाळतात, हे तुला माहीत आहे. मी काही विचारलं की म्हणतात, कचेरीचं कचेरीत. म्हणून मीही फार लिहीत नाही. पण एक ऐक. लोखंड शेवटी गंजतं. तू विटांकडे लक्ष ठेव. एखादा चांगला गवंडी हाताशी असू दे. थोरल्या बहिणीचं सांगणं आहे, कारण विचारू नकोस.

ताईबाईला माझी आठवण सांग.

सुमन


जामनेर,
२ ऑगस्ट १९८६

अक्का,

तुझं ऐकलं बघ. परवा जळगावला गेलो होतो, पिंप्राळ्यात एक प्लॉट बघितला आणि घेऊनच टाकला. कोपऱ्यावरचा आहे, पूर्वेला तोंड. गवंडीही ठरवला, नशिराबादचा आहे, हात चांगला. बहिणीला भावाच्या घराची काळजी भावाच्या आधी लागते ती अशी. मी तर अजून लग्नाचंही मनावर घेतलं नव्हतं.

कारखाना जोरात आहे. पत्रा रोलरमधून गोल होऊन निघतो, जोड मारायचा, साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघायचं, मग लाल रंग. पुनाभाऊ आता जोड मारतो. काळी काच डोळ्यांपुढून काढली की आधी टोपी सरळ करतो, मग काम बघतो. माणसं पाळीच्या अर्धा तास आधी येतात. मी म्हटलं, भोंगा झाल्यावर या, तर म्हणतात, मालकाच्या दारात उन्हं आल्यावर गडी येतो का.

आणि आबा बोलायला लागले. गोठ्यामागे टाकी बसवून दिली. पहिले आठ-दहा दिवस रोज खड्ड्यात डोकावायचे आणि मला शिव्या द्यायचे. मग एका सकाळी गॅस भरून टाकी वर आली. काडी लावली, निळी ज्योत लागली, धूर नाही की काजळी नाही. आबांनी स्वतःच्या हातानं चहा ठेवला. पुनाभाऊला बोलावून पहिला कप त्याला दिला. म्हणाले, तुझ्या हातची टाकी ना ही.

श्रावणात कानबाई बसेल, तिच्या रोटाच्या जेवणाला ये. आता कारण सांगू नकोस.

रतिलाल


जामनेर,
२५ नोव्हेंबर १९८६

अक्का,

तू आली नाहीस, पत्रही नाही. काही चुकलं का माझं? असो. मी आज वेगळ्या कामासाठी लिहितोय.

दसऱ्यापासून टाक्यांची मागणी थांबली. एकदम थांबली, नळ बंद करावा तशी. शेडच्या मागं तयार टाक्या ओळीनं पालथ्या पडल्यात. मी तालुक्याला विचारलं, तिथला साहेब म्हणाला वरून कागद आला आहे, लोखंडी टाकी महाग पडते, काही वर्षांत गंजते, आता अनुदानात पहिला मान विटांच्या घुमटाला. जमिनीखाली विटांचा घुमट बांधायचा, लोखंड लागतच नाही म्हणे. आता माझी माणसं काय जोडणार अक्का, विटेला वीट?

शेठ दिवाळीला सुरतला गेला तो गेला. त्याचं अनुदान आधीच पदरात पडलं होतं. मागच्या आठवड्यात त्याचा माणूस येऊन वेल्डिंगची मशीनं ट्रकमध्ये घालून घेऊन गेला, आणि वीज मंडळाचा माणूस तार तोडून गेला.

पगार थांबला तरी माणसं रोज येतात. सकाळी फाटकावर येतात, शेड झाडतात, बसतात, दुपारी भाकर सोडतात, संध्याकाळी घरी जातात. मी त्यांना सांगितलं की शेठ येईल. दाजींना विचार, कचेरीचं कचेरीत राहू दे, पण एवढं एकच विचार की हा कागद फिरेल का.

रतिलाल


धुळे,
४ डिसेंबर १९८६

रती,

कागद फिरणार नाही. हे म्हणाले, तसं स्पष्ट लिही.

मी विटांचं लिहिलं ते घरासाठी नव्हतं रे वेड्या. यांच्या टेबलावर तेव्हाच कागद येऊन पडला होता. बाहेर बोललीस तर माझी नोकरी जाईल म्हणाले, म्हणून मी आडून लिहिलं. तुला कळेल असं वाटलं होतं. तू प्लॉट घेऊन बसलास आणि ते पत्र वाचून मी दिवसभर स्वयंपाकघरात चिडचिड करत होते. श्रावणात कोणत्या तोंडानं येणार होते मी? तुझ्यासमोर बसून रोट खायचा आणि गप्प राहायचं, हे मला जमलं नसतं.

आता झालं ते झालं. नीट वाच आणि दुसऱ्यांदा प्लॉट घेऊ नकोस. घुमट बांधणारे गवंडी कुठंच नाहीत. साधा गवंडी भिंत बांधतो, आतून गॅस धरून ठेवणारा घुमट नाही बांधू शकत. म्हणून केंद्राच्या पैशातून इथं धुळ्याला शिकवणी सुरू होते आहे, संक्रांतीनंतर. राहणं, जेवण तिथंच. शिकून निघाला की त्याचं नाव यादीत, आणि धुळे-जळगावात जेवढे घुमट होतील ते त्या यादीतल्यांनीच बांधायचे. ज्याच्या हाताला जोड कळतो त्याला घुमट लवकर कळेल, असं यांचंच मत आहे.

यांनी तुझी अठरा माणसं घातली आहेत. जळगाव जिल्ह्याची माणसं धुळ्याच्या शिकवणीत घालायची म्हणजे किती जणांच्या दाढ्या कुरवाळाव्या लागल्या ते मी बघितलं आहे. त्यांना घेऊन ये.

सुमन


जामनेर,
१८ जानेवारी १९८७

अक्का,

ते येत नाहीत.

मी शेडमध्ये सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. दोन-तीन तरुण पोरं उठून उभी राहिली, पुनाभाऊनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं तशी खाली बसली. मला म्हणाला, "भाऊ, चांगलं काम शे, करसूत. पन मन्हं साल सरनं नही. साल मझारमा सोडीसन कसा जाऊ?"

मी म्हटलं, कारखाना नाही, शेठ नाही, वीज नाही, साल कसलं? म्हणाला, "साल ते तुम्हीन धरं ना. नारळ तुमनाच हाते फुटना ना."

तू पहूरची आहेस, तुला वेगळं काय सांगू. साल मोडून पळालेल्या गड्याला पुढं कुणी दारात उभं करत नाही. नातू झाला तरी लोक म्हणतात, हा तो पळालेला. त्यांनी जन्मात एकच अब्रू कमावली, की धरलेलं साल कधी मोडलं नाही. आता मी त्यांना सांगू की कारखान्याच्या कायद्यात हा शब्दच नाही? जळगावच्या वकिलानं मला तेच सांगितलं, हसत सांगितलं. मी ते त्यांना सांगितलेलं नाही.

दाजींना सांग थोडं थांबायला. शेठला मी दोन पत्रं टाकली आहेत. तो येऊन एकदा उभा राहिला तर सगळं मार्गी लागेल.

रतिलाल


धुळे,
१० फेब्रुवारी १९८७

रतिलाल,

काल ताईबाई आली होती. एकटी, एस.टी.नं, पत्ता विचारत विचारत. तुला न सांगता आली आहे, तिला काही बोलू नकोस. माझ्या ओट्यावर बसली, पाणी घेईना. म्हणाली, "अक्का, तो रोज भाकर बांधीसन जास, अन् तशीच भाकर लई येस. माले म्हनस, मी कामवर शे." मग पदर तोंडाला लावला. ती मळ्यांमधून केळीचे घड डोक्यावर वाहते आहे, हे तू मला लिहिलं नाहीस. तिच्या मानेला सूज आहे.

आता माझं ऐक, आणि राग आला तर येऊ दे. शेठ येणार नाही हे तुला माहीत आहे. माणसं शेठच्या शब्दावर बसलेली नाहीत, तुझ्या शब्दावर बसली आहेत. नारळ तू फोडलास, टोप्या तू दिल्यास. शेठची वाट बघतोस ती तुझ्यासाठी, कारण त्यांना मोकळं केलं की कारखाना मेला हे तुला तुझ्या तोंडानं म्हणावं लागेल. तुला सुपरवायझर राहायचं आहे, माणसं नसली तर कुणाचा सुपरवायझर राहणार?

त्यांना मोकळं कर. शिकवणी सुरू झाली आहे, अठरा खाटा रिकाम्या आहेत, आणि हे रोज काहीतरी थाप मारून त्या राखून ठेवतात. महिनाअखेरपर्यंत, त्यापुढं नाही.

सुमन


जामनेर,
२६ फेब्रुवारी १९८७

अक्का,

तू लिहिलंस ते खरं आहे. पत्र वाचून मी ते फाडलं, पण खरं आहे.

मी सोमवारी गेलो. सगळ्यांना बसवलं आणि म्हणालो, मी तुमचं साल धरलं होतं, मीच तुम्हाला आजपासून मोकळं करतो. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल त्यांना.

मग पुनाभाऊ उभा राहिला. मी त्याला लहानपणापासून बघतोय, त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "भाऊ, आम्हीन काय चोरी करी का?"

अक्का, माझ्या डोक्यातच आलं नाही. सालाच्या मधेच मालक गड्याला केव्हा मोकळं करतो? घरात चोरी सापडली तर. नाहीतर घरच्या बाईमाणसाकडं वाकडी नजर गेली तर. आपल्या उभ्या गावात दुसरं कारण कुणी ऐकलेलं नाही. मी पहूरचा, आबांचा मुलगा, मी अठरा माणसांना तोंडावर चोर म्हणालो आणि वर त्यांनी आनंदानं उठून जावं अशी माझी अपेक्षा.

मी हात जोडले. शेडमध्ये सगळ्यांसमोर जोडले. म्हणालो, तसं नाही, शब्द परत घेतो. पुनाभाऊ खाली बसला आणि रडला. इतर माणसं भिंतीकडं तोंड करून बसली.

आता आखाजीपर्यंत काही होणे नाही. आखाजीला रीतसर मोकळं केलं तर ते येतील, पुनाभाऊनं तसं सांगितलं आहे, ताठ मानेनं येऊ म्हणाला. फक्त आखाजीपर्यंत थांबायला सांग दाजींना. मी कधी त्यांच्याकडं काही मागितलं नाही, आता मागतो. भीक मागतो असं सांग हवं तर.

रतिलाल


धुळे,
८ एप्रिल १९८७

रती,

थांबता आलं नाही. यांनी साहेबांपुढं खूप डोकं आपटलं.

सरकारचं साल मार्चअखेरीला सरतं. आखाजी त्यांना कळत नाही. मार्चच्या एकतीस तारखेला जो पैसा उरला तो दिल्लीला परत जातो, म्हणून शेवटच्या आठवड्यात साहेबांनी नंदुरबारकडची माणसं उचलून आणली आणि खाटा भरल्या. त्यांची नावं यादीत गेली. तुमच्या तालुक्यातले घुमटही तेच बांधतील. नवीन वर्षाचा पैसा येईल का, आणि या कामाला येईल का, हे इथं कुणालाच ठाऊक नाही. मी रोज विचारते. हे आता माझ्यावर ओरडतात.

एका महिन्यानं चुकलं रे. मला जेवण जात नाही.

पुनाभाऊला हे आत्ता सांगू नकोस. किंवा सांग. मला कळत नाही काय बरोबर ते.

अक्का


जामनेर,
२ मे १९८७

अक्का,

काल आखाजी झाली.

मी पुनाभाऊला आधीच सगळं सांगितलं होतं, नंदुरबारच्या माणसांचं आणि यादीचं. लपवणं जमेना. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आखाजीचं आखाजीला बघू.

परवा मी आबांकडं गेलो. म्हटलं, पुनाभाऊला परत घ्या. आबा म्हणाले, भिकननं वर्षभर चांगलं काम केलं, त्याला कोणत्या तोंडानं काढू? बरोबरच होतं त्यांचं. मला भांडताही येईना. गावातल्या बाकीच्यांनीही आपापले गडी तेच ठेवले. आमच्या अठरांना गावात आता 'टाकीवाले' म्हणतात. लोखंडाच्या मोहानं माती सोडली, त्यांना पुन्हा कशाला घ्या, असं लोकांचं म्हणणं.

काल सकाळी ते सगळे आंघोळी करून, धुतलेल्या टोप्या घालून शेडमध्ये आले. ताईबाई आली होती, मागं उभी होती. मी प्लॉट विकून टाकला आहे, त्यातून प्रत्येकाला धोतरजोडी आणि नारळ आणला होता. एकेकाचं नाव घेतलं. म्हणालो, तुझं साल सरलं, तू नेकीनं राहिलास, कारखाना तुझा ऋणी आहे. प्रत्येक जण पाया पडला. मी वयानं लहान, मी मागं सरकलो, तरी पडले. मालकाच्या पाया पडायचं असतं म्हणाले. सगळं रीतीनं झालं, कुणाच्या अब्रूला डाग नाही.

मग मी वाट बघत उभा राहिलो की आता ते उठतील.

तुला माहीत आहे, आखाजीला गडी एका दारातून उठतो तो दुसऱ्या दाराचं बोलावणं आलं की, नाहीतर तेच दार त्याला पुन्हा धरतं. मधे कुठं जायचं असतं याची रीत आपल्याकडं नाही. ते मोकळे झाले होते आणि मांडी घालून माझ्याकडं बघत बसले होते. उन्हं शेडच्या पत्र्यावर आली, आत भट्टी झाली, तरी कुणी हललं नाही. पुनाभाऊनं धोतरजोडी मांडीवर नीट ठेवली होती. शेवटी तोच बोलला, रागानं नाही, अगदी साधं विचारल्यासारखं. "भाऊ, मोकळं ते करं तुम्हीन. आते जावानं कोठे, ते बी सांगा."

बाकीचेही ऐकायला थोडे पुढं सरकले.

दुपार कलली तरी ते तसेच होते. मग मीच उठलो, चपला घातल्या, आणि त्यांना तिथं बसलेलं सोडून घरी आलो.

रतिलाल